ग्रुप फिटनेस बॅचसाठी प्रगती नोंदवणारं ॲप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रोज सकाळी व्यायामाची बॅच भरते. चौतीस जण, त्यात बहुतेक बायका, वय तिशीपासून सत्तरीपर्यंत. मी त्या बॅचला जातो आणि पोटापाण्यासाठी ॲप लिहितो, म्हणून वर्ग घेणाऱ्या ताईंसाठी हजेरी आणि प्रगती नोंदवणारं एक ॲप बांधलं. ते पाहून इतर प्रशिक्षक आणि ॲप बांधू पाहणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्रशिक्षकांना जास्त उपयोगी, मधले ॲप लिहिणाऱ्यांना.

१. ॲप लागतंच का? वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहिलं तर चालणार नाही?

चालेल, आणि सुरुवात तिथूनच करा. तीन महिने वहीत किंवा गूगल शीटमध्ये नोंदी ठेवा. कोणते रकाने रोज भरले जातात आणि कोणते दुसऱ्या आठवड्यापासून कोरे राहतात, हे तिथेच कळतं. कोरे राहिलेले रकाने ॲपमध्येही कोरेच राहणार आहेत. आमच्या वहीत ‘आज किती पाणी प्यायलं’ असा एक रकाना होता. चौथ्या दिवसानंतर तो कोणीच भरला नाही, म्हणून ॲपमध्ये तो घेतलाच नाही. वही कमी पडू लागते ती माणसं वाढल्यावर, किंवा ‘मार्चमध्ये माझं किती होतं?’ असं कोणी विचारलं आणि पानं चाळावी लागली की. ॲपची गरज तेव्हा असते.

२. नेमकं काय काय नोंदवायचं?

तीनच गोष्टी. रोजची हजेरी, त्या दिवशी किती दम लागला आणि दर सहा आठवड्यांनी दोन-तीन छोट्या चाचण्या.

दम मोजायची पद्धत जुनी आणि तपासून घेतलेली आहे. स्वीडनचे गुन्नर बोर्ग यांनी जाणवणाऱ्या श्रमांसाठी आधी ६ ते २० अशी आणि पुढे ० ते १० अशी मोजपट्टी बनवली. दहाच्या पट्टीवरचा आकडा आणि वर्गाची मिनिटं यांचा गुणाकार केला की त्या दिवशी शरीरावर पडलेला भार मिळतो. ५० मिनिटांचा वर्ग आणि दम ६, म्हणजे भार ३००. आमच्या बॅचमधल्या काकूंना आकडे विचारले की त्या शेजारणीकडे बघायच्या. म्हणून मी पडद्यावर पाच शब्द ठेवले : सहज, थोडा दम, बऱ्यापैकी दम, धाप लागली, आता बास. आकडा ॲप स्वतः लावतं. हे वर्ग संपल्यासंपल्या विचारू नका, अर्ध्या तासाने विचारा. शेवटचा व्यायाम अवघड असला तर लगेच विचारल्यावर सगळा वर्गच अवघड वाटतो.

३. चाचण्या कोणत्या घ्याव्यात? आमच्याकडे मशीन नाहीत.

मशीन लागत नाही. माझा सगळ्यात जास्त भर खुर्चीच्या चाचणीवर आहे : हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. साठीपुढच्यांच्या तब्येतीसाठी ही चाचणी जगभर वापरतात. तिच्यासाठी खुर्ची साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची, बिनहाताची आणि भिंतीला टेकवलेली असावी. आमच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या दोन प्रकारच्या खुर्च्या आहेत आणि एक प्रकार बोटभर बुटका आहे. पहिल्या खेपेला हे कोणाच्या ध्यानात आलं नाही आणि निम्म्या लोकांचे आकडे बिघडले. आता एकाच खुर्चीच्या पाठीवर लाल ऑइलपेंटचा ठिपका आहे. चाचणीला तीच खुर्ची निघते.

दुसरी, सहा मिनिटांत किती मीटर चालता येतं ती. तिसरी प्लँक, म्हणजे कोपर आणि पायाची बोटं टेकून शरीर सरळ धरून ठेवायचं. ती तरुणांसाठी ठीक आहे, पण दोन-तीन मिनिटांच्या पुढे ती ताकदीपेक्षा सोशिकतेची परीक्षा होते. परदेशी तक्त्यात वयानुसार ‘सरासरी’ दिलेली असते. ती ॲपमध्ये दाखवू नका. माणसाची तुलना त्याच्याच मागच्या आकड्याशी करा. कारण प्रश्न ५ मध्ये आहे.

४. सगळ्या बायका पहिलं वजनच विचारतात. ते का नको?

नको असं नाही. मुख्य पानावर नको.

वजन एकाच दिवसात किलो-दीड किलोने सहज वर-खाली होतं. पाणी, मीठ, पाळी, रात्री उशिरा झालेलं जेवण, काहीही कारण पुरतं. सोमवारी ६८.२ आणि बुधवारी ६९.१ दिसलं की महिनाभराच्या मेहनतीवर पाणी फिरल्यासारखं वाटतं, आणि प्रत्यक्षात काहीच झालेलं नसतं. शिवाय पहिल्या दोन-तीन महिन्यांत वजन जवळपास तिथेच असतं, जिने मात्र सोपे झालेले असतात. ती गोष्ट काटा सांगत नाही.

ज्यांना हवं त्यांना वजन स्वतःच्या फोनवर भरू द्या, रोजचा आकडा न दाखवता सात दिवसांची सरासरी दाखवा, आणि ते प्रशिक्षकाला दिसेल की नाही हे त्यांनाच ठरवू द्या. त्यापेक्षा टेपने कंबर मोजणं बरं. आपल्याकडे बायकांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा डॉक्टर धरतात. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) दाखवायचाच असेल तर मर्यादा भारतीय घाला : २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. बरेच तयार प्रोग्रॅम २५ आणि ३० धरून चालतात. ते तसेच उचलले की ज्यांना सावध करायला हवं त्यांनाच ॲप ‘सगळं ठीक’ म्हणतं.

५. पहिला, दुसरा, तिसरा नंबर दाखवला तर उत्साह वाढेल ना?

मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्या आवृत्तीत मी क्रमवारी घातली. महिन्याची हजेरी आणि स्क्वॅटची संख्या यांवरून चौतीस नावांची यादी, वरून खाली. पहिले पाच जण खूश झाले. ते आधीही रोज येतच होते. यादीच्या तळाला गुडघ्याचं दुखणं असलेल्या एक काकू होत्या आणि नुकती बाळंतपणातून उठलेली एक मुलगी. तीन आठवड्यांत दोघीही यायच्या थांबल्या. काकूंना मी भाजीच्या गाडीपाशी गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, “अरे, तिथे सगळ्यांसमोर माझं नाव शेवटी असतं ना.” त्याच संध्याकाळी क्रमवारी काढली.

माणसं ग्रुपमध्ये येतात ती शेजारच्या मॅटवर ओळखीचं कोणीतरी असतं म्हणून. त्या शेजाऱ्याला स्पर्धक करून ठेवणारं ॲप बॅच मोडतं. एकत्र दाखवायचंच असेल तर सगळ्यांची बेरीज दाखवा : ‘या आठवड्यात आपल्या बॅचने मिळून १,९४० मिनिटं व्यायाम केला.’ त्या बेरजेत काकूंची वीस मिनिटंही असतात. काकू दीड महिन्याने परत आल्या, ती मुलगी आली नाही.

६. वर्ग चालू असताना हजेरी लावायला वेळ कुठून आणायचा?

ताईंच्या हातात तीस सेकंद असतात. ॲपने तेवढ्यात काम उरकलं पाहिजे. नावांची अकारविल्हे यादी इथे उपयोगी पडत नाही. ताईंना वर्ग घेताना पाहिलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की प्रत्येक जण रोज आपल्याच जागी मॅट टाकतो. खिडकीपाशी जोशी काकू, पंख्याखाली त्या दोघी बहिणी, दाराजवळ उशिरा येणारे. मग हजेरीचा पडदा मी तसाच मांडला, पाच रांगांत, हॉलमध्ये मॅट असतात तसा. रिकामी जागा डोळ्यांना आपोआप दिसते. ताई तेवढ्या चौकोनांवर बोट ठेवतात आणि खाडे लागतात.

खाडे नोंदवायचे म्हणजे बाकीचे हजर धरायचे. यात एक धोका आहे. ताई एखाद्या दिवशी ॲप उघडायलाच विसरल्या तर सगळे हजर दिसतील. म्हणून ‘वर्ग झाला’ हे बटण दाबल्याशिवाय त्या दिवसाची काहीच नोंद होत नाही. दारावर क्यूआर कोड लावायची कल्पना बरेच जण सुचवतात. आमच्याकडे दाराशी रांग लागली आणि ज्येष्ठांनी फोन घरी ठेवला म्हणून तो बेत सोडला.

७. डेटाबेसची मांडणी कशी ठेवू?

पाच तक्ते पुरतात : व्यक्ती, बॅच, वर्ग, हजेरी, मोजमाप. वर्ग म्हणजे एका बॅचचा एका दिवसाचा भरलेला तास. हजेरी व्यक्तीला वर्गाशी जोडते, बॅचशी थेट नाही. यामुळे प्रश्न १४ आपोआप सुटतो.

मोबाइल नंबर ही व्यक्तीची ओळख धरू नका. सासू-सुनेचा एकच नंबर असतो, आजोबांच्या नावापुढे मुलाचा नंबर असतो आणि नंबर बदलतातही. प्रत्येक व्यक्तीला वेगळी ओळखखूण द्या आणि एका नंबराखाली अनेक माणसं असू द्या. तसंच चाचणीचा आकडा चुकला तर जुना पुसू नका. दुरुस्तीची नवी ओळ लिहा आणि ती कोणी, कधी लिहिली ते ठेवा.

८. आमचा हॉल तळघरात आहे, तिथे नेट येत नाही.

मग नोंद आधी फोनमध्येच झाली पाहिजे आणि नेट मिळेल तेव्हा वर गेली पाहिजे. साधा एसक्यूलाइट (फोनमध्येच राहणारा छोटा डेटाबेस) वापरा किंवा फायरस्टोअर (गूगलचा ऑनलाइन डेटाबेस) घ्या. फायरस्टोअर मोबाइलवर नेटशिवायही नोंदी साठवून ठेवतं आणि एका बॅचला त्याचा फुकटचा कोटा भरपूर होतो. नोंदीची ओळखखूण फोनवरच तयार करा, सर्व्हरवर नको. नाहीतर नेट तुटक आलं की एकच हजेरी दोनदा चढते.

९. सकाळची हजेरी आदल्या दिवशी का दिसते?

वर्ग साडेपाचच्या आधी सुरू होत असेल तर तारखेचा घोळ नक्की तिथेच आहे. बहुतेक सर्व्हर वेळ साठवतात ती जागतिक प्रमाणवेळेत, आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. आपल्याकडे मंगळवारी पहाटेचे सव्वापाच वाजतात तेव्हा तिथे सोमवारचे रात्रीचे पावणेबारा असतात. साडेसहाची बॅच तपासताना हे कधीच दिसत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात वर्ग सव्वापाचला आला आणि सगळ्यांचा सुट्टीच्या रविवारी व्यायाम, शनिवारी सुट्टी असं दिसायला लागलं. उपाय सोपा आहे : वेळेसोबत वर्गाची स्थानिक तारीख वेगळ्या रकान्यात साठवा आणि सगळे हिशेब त्या तारखेवर करा.

अमेरिकेतून कोणाची लेक-सून ऑनलाइन जोडली जात असेल तर अजून एक गोष्ट. तिथे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळ तासाने बदलतं. आपला सकाळी सहाचा वर्ग न्यू जर्सीत उन्हाळ्यात आदल्या रात्री साडेआठला असतो आणि हिवाळ्यात साडेसातला. आठवणीची घंटा तिच्या घड्याळाने वाजवा, हजेरीची तारीख मात्र बॅचचीच ठेवा.

१०. मराठीत लिहिलेली नावं शोधून सापडत नाहीत आणि आकडे भरले की ॲप चुकतं. काय करू?

दोन्ही दुखणी आपल्या लिपीची आहेत आणि दोन्हींवर इलाज आहे. ‘गोऱ्हे’ मधला ‘ऱ’ दोन प्रकारे साठवला जातो : एकच अक्षर म्हणून, किंवा ‘र’ अधिक खालचा नुक्ता (टिंब) म्हणून. दिसायला दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. त्यामुळे एका कीबोर्डवर लिहिलेलं नाव दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं की सापडत नाही. साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळी मजकूर युनिकोडच्या एकाच प्रमाण रूपात आणून घ्या.

आकड्यांचं असं, की ‘१२’ हे डार्ट किंवा जावास्क्रिप्ट या ॲप लिहायच्या भाषांच्या नेहमीच्या सूचनांना आकडा वाटतच नाही. मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांनी देवनागरी आकडे भरू नयेत असं सांगू नका. त्यांनी भरलेले आकडे आपण बदलून घ्यायचे. दहा चिन्हांची अदलाबदल, दहा ओळींचं काम आहे.

११. सूर्यनमस्कार कसे मोजायचे? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

आधी ताईंना विचारून व्याख्या ठरवा. काही ठिकाणी एक नमस्कार दहा स्थितींचा, काही ठिकाणी बारा. काही जण उजवा आणि डावा पाय मिळून एक धरतात, काही दोन. मंत्रांसह घालणाऱ्यांची आवर्तनं तेरा नमस्कारांची असतात, बारा नावांचे आणि तेरावा श्रीसवितृसूर्यनारायणाचा. ठरलेली व्याख्या पडद्यावर एका ओळीत लिहा. रथसप्तमीला १०८ चा संकल्प असतो तेव्हा हा घोळ नेमका दुप्पट होतो : एकीचे १०८ म्हणजे दुसरीचे ५४.

१२. स्मार्टवॉच जोडावं का?

ज्यांच्याकडे आहे त्यांची पावलं आणि नाडी घ्यायला हरकत नाही. अँड्रॉइडवर त्यासाठी हेल्थ कनेक्ट आहे, आयफोनवर हेल्थकिट. कॅलरींचा आकडा मात्र दाखवू नका. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं तपासली. नाडी बऱ्यापैकी बरोबर निघाली, पण कॅलरींत सगळ्यात चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्के चुकत होतं. तेवढी चूक म्हणजे एक-दोन पोळ्या इकडच्या तिकडे. आणि चौतिसांपैकी आठ जणांच्या हातात घड्याळ असेल तर उरलेल्या सव्वीस जणांना ॲप अपुरं वाटता कामा नये.

१३. बीपीची गोळी चालू असलेल्यांची नाडी वाढतच नाही. त्यांची मेहनत कमी धरायची का?

नाही, आणि ही चूक धोक्याची आहे. बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या नाडीचा वेग खाली ठेवतात. नाडीच्या कमाल वेगाचं ‘२२० वजा वय’ हे सूत्र तसंही ढोबळच आहे आणि या लोकांना तर ते लागूच पडत नाही. ॲपने ‘नाडी अजून वाढवा’ म्हटलं तर माणूस झेपेल त्यापेक्षा जास्त जोर लावेल. त्यांच्यासाठी नाडीचं लक्ष्य बंद ठेवायची सोय द्या आणि दमाच्या शब्दांवर विश्वास ठेवा (प्रश्न २). बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम. चार शब्दांतच थांबून श्वास घ्यावा लागतो, तो जोराचा. गोळी कोणती आहे हे विचारू नका. ते डॉक्टरांकडे राहू द्या.

१४. एखादी दुसऱ्या बॅचला येऊन गेली तर हजेरी कुठे धरायची?

ज्या वर्गाला आली त्या वर्गात, आणि तिच्या स्वतःच्या खात्यात. मांडणी प्रश्न ७ प्रमाणे असेल तर वेगळं काही करावं लागत नाही. बदली शिक्षिका आल्या तरी हेच.

१५. गणपती, दिवाळी, माहेरपण यांत साखळी तुटते आणि मग लोक येतच नाहीत.

म्हणून सलग दिवसांची साखळी ठेवूच नका. ४१ दिवसांनंतर शून्य दिसलं की माणसाला ४१ दिवस वाया गेल्यासारखे वाटतात. त्याऐवजी आठवड्याची मिनिटं मोजा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. आठवडा संपला की मोजणी नव्याने सुरू होते, मागचं काही हिरावलं जात नाही.

आपलं वर्षही ॲपला माहीत असावं. आमच्याकडे श्रावणात शुक्रवारी वर्ग अर्ध्यावर थांबतो आणि मंगळागौरीच्या खेळांचा सराव होतो. फुगडी, झिम्मा, पिंगा. वीस मिनिटं पिंगा घालून बघा, दम ‘बऱ्यापैकी’च्या वर जातो. ॲपमध्ये त्याला वेगळा व्यायामप्रकार आहे आणि ती मिनिटं पूर्ण धरली जातात. कोणी वारीला गेलं तर रोजचं चालणंही तसंच. आणि ‘काही दिवस थांबते’ असं एक बटण हवंच : पाळी, बाळंतपण, शस्त्रक्रिया, घरातलं आजारपण, कशासाठीही, कारण न विचारता. ते दाबलं की आठवणीचे संदेश बंद.

१६. कायद्याचं काय? ही आरोग्याची माहिती आहे ना?

आहे. भारतात २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. काय घेतोय आणि कशासाठी हे साध्या मराठीत सांगून संमती घ्या. ती परत घेणं देण्याइतकंच सोपं ठेवा. अठरा वर्षांखालचं कोणी बॅचला येत असेल तर पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती लागते. मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायलाही या कायद्याने मनाई केली आहे. पैसे घेऊन ॲप विकणार असाल तर वकिलाला दाखवा. आणि चाचण्यांचे आकडे व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तिथे एकदा वाचलं गेलेलं परत घेता येत नाही.

१७. प्ले स्टोअरवर टाकायला काय लागतं?

नोंदणीची फी एकदाच २५ डॉलर. ॲपलकडे दर वर्षी ९९. नव्या वैयक्तिक खात्याला प्ले स्टोअरवर ॲप खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. एकट्याने काम करणारे इथे अडतात, पण तुमच्याकडे बॅच आहे. त्या चौदा दिवसांत मिळालेल्या सूचना माझ्यासाठी अख्ख्या वर्षापेक्षा मोलाच्या ठरल्या. अक्षरं मोठी करा, ही पहिली. आरोग्यविषयक ॲपसाठीचा वेगळा अर्जही भरावा लागतो आणि खातं पूर्ण पुसायची सोय ॲपमध्ये आणि ॲपबाहेरही द्यावी लागते.

१८. फी ॲपमधूनच घेऊ का?

घेता येते. हॉलमध्ये भरणाऱ्या वर्गाची फी यूपीआयने घेतली तरी स्टोअरवाल्यांना वाटा द्यावा लागत नाही, कारण ती प्रत्यक्ष सेवा आहे. ऑनलाइन वर्गाचं वेगळं आहे : एकाला एक शिकवत असाल तर ॲपल बाहेरून पैसे घेऊ देतं, पण एक शिक्षक आणि अनेक विद्यार्थी असतील तर आयफोनवर त्यांच्याच पद्धतीने घ्यावे लागतात. माझं मत असं, की फीचा हिशेब वेगळ्या पानावर असावा. प्रगती बघायला ॲप उघडलं आणि लाल अक्षरांत थकबाकी दिसली, की पुढच्या वेळी ते उघडलं जात नाही.

१९. बाकी सगळ्यांचा आलेख वर जातोय, एका आजींचा जात नाही. त्यांना काय दाखवू?

हा प्रश्न बहुतेक प्रशिक्षक शेवटी विचारतात, तोही दबक्या आवाजात. साठीनंतर पायांतली ताकद दर वर्षी थोडी थोडी ओसरत जाते. अशा वयात आकडा टिकला तर ती मेहनतीची कमाई आहे आणि ॲपने ती तशीच दाखवली पाहिजे. पासष्टीपुढच्यांसाठी मी आलेख काढून टाकला. त्याजागी खुर्चीच्या चाचणीची एक ओळ येते : ‘१८ महिने, ११ वेळा, कायम.’ आकडा खरोखर घसरला तर तो लपवू नका, पण आधी ताईंना कळवा, म्हणजे त्या बाजूला बसून बोलतील. अचानक मोठी घसरण दिसली तर डॉक्टरांकडे जायला सांगा.

ती अकराची ओळ आमच्या एका आजींची आहे. दर सहा आठवड्यांनी लाल ठिपक्याची खुर्ची भिंतीला लागते, आजी साडीचा पदर कमरेला खोचतात, हातांची घडी घालतात आणि ताई मोजतात. तीस सेकंद झाले की आजी धापा टाकत विचारतात, “अकरा ना?” ताई म्हणतात, “अकरा.” आजी मान डोलावतात आणि पुढच्या बाईसाठी खुर्ची पुसून ठेवतात.